पुंडलिकरावांचे दोन दात

मोहगावच्या पुंडलिकरावांना देवाने बत्तीस दात दिले. त्यांतले तीस ते पांढुर्ण्याच्या जिनिंगात खर्चून आले. चाळीस वर्षं सरकी दाताखाली फोडून ते कापसाची ओल सांगत. ‘कट्’ वाजलं की माल कोरडा, ‘पच्’ झालं की गाडी उन्हात. उरलेले दोन दात वर-खाली नेमके समोरासमोर होते, आणि पुंडलिकराव त्यांच्याविषयी आदराने बोलत. सून अमिताने मात्र ते काढून कवळी बसवायची तारीखच घेऊन ठेवली होती.

सध्या तिला त्याहून मोठा घोर होता. एका संस्थेने तिच्या बचत गटाला संत्र्याच्या साली सुकवायचं यंत्र दिलं होतं. त्यात गरम हवा होती, मायक्रोवेव्हही होता. अट एकच: तीन दिवसांत एकदा तरी दहा किलो साल दहा युनिटांत सुकवून दाखवा, नाहीतर यंत्र दुसऱ्या गावाला. पहिल्या दिवशी नुसत्या गरम हवेने चौदा युनिटं खाल्ली. दुसऱ्या दिवशी नुसत्या मायक्रोवेव्हने कुठे कोळसा केला, कुठे ओल तशीच ठेवली.

तिसऱ्या दिवशी संस्थेचा इंजिनिअर हेमंत मीटरसमोर बसला. शेजारी पुंडलिकरावांनी खुर्ची टाकली.

“मामाजी, तुम्ही इथं काय करून राहिले?”

“दात शिवशिवून राहिले, पोरी.”

गरम हवा सुरू झाली. दर थोड्या वेळाने पुंडलिकराव एक साल चावत आणि मान हलवत. मीटर सहा युनिटांवर आला तेव्हा त्यांची मान थांबली.

“हवा बंद करा आता.”

“काकाजी, साल अजून ओली आहे,” हेमंत म्हणाला.

“म्हणूनच म्हणतो. वरची ओल गेली. बाकीची सालीच्या बारीक भोकात लपून बसली. हवा दारावरूनच परत चालली, अन् तुम्ही फुकट वीज जाळून राहिले. ते दुसरं लावा, आत घुसणारं.”

अमिताने अकरा वर्षांत सासऱ्याचं एक ऐकलं नव्हतं. आज तिने गुपचूप बटण दाबलं.

मीटर नऊवर पोचला. पुंडलिकरावांनी तळच्या ट्रेमधली साल उचलून दोन दातांत धरली. सगळ्या बायका कान देऊन उभ्या.

कट्.

हेमंतने वजन करून पाहिलं, पुन्हा केलं, आणि यंत्र मोहगावातच राहील असं लिहून दिलं. मग त्याने हळूच विचारलं, “काकाजी, हवा कधी बंद करायची ते कसं ओळखायचं?”

“चावून पाहा. तुमचे तर बत्तीस हायेत.”

अमिताने तिथूनच दाताच्या डॉक्टरला फोन लावला. “तारीख रद्द करा,” ती म्हणाली. “ते दात आता गटाचे आहेत.”

बायकांनी यंत्राला कुंकू लावलं आणि वळून पाहिलं, तर पुंडलिकराव आधीच तोंड उघडून बसले होते.