अर्घ्य आणि आरमार

फजिती माझी आहे, तेव्हा हसायला परवानगी आहे. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा.

ओंटारिओतल्या आमच्या नदीकाठच्या गावात, महायुद्धाच्या काळी, साधी माणसे स्वतःच्या होड्या घेऊन नदीवर पहारा देत. कोणी शिक्षक, कोणी पाववाला. पगार नाही, गणवेश नाही. त्यांच्या स्मरणार्थ दर उन्हाळ्यात तो पहारा आजही खेळून दाखवतात. या खेळात पलीकडचे गाव शत्रू बनते. शत्रूची होडी पुलापर्यंत पोचली आणि त्यांनी तिथली घंटा वाजवली, की आम्ही हरलो. आम्ही दर वर्षी हरतो.

यंदा आमच्या प्रमुख मार्गारेटबाईंना जिंकायचेच होते. त्यांचे वडील त्या पहाऱ्यात होते, आणि वयोमानामुळे वल्हे धरण्याची ही त्यांची शेवटची खेप. शिस्तीचा माणूस म्हणून टेहळणीवर त्यांनी मला नेमले. शत्रू दिसला की आरशाने कवडसा पाडायचा. वळणाआड दबा धरून बसलेल्या आमच्या होड्या धावून येतील.

"अहो, तिथे तरी पूजा आटोपती घ्या," सौ. म्हणाली.

मी तांब्या पिशवीत घातला. नित्यकर्म सोडणारा माणूस उद्या कर्तव्यही सोडतो.

काठावर पोचलो. सूर्य वर आला. चिंचेने लखलखीत घासलेला तांब्या दोन्ही हातांनी उंच धरून मी अर्घ्य दिले आणि डोळे मिटून जपाला बसलो.

थोड्याच वेळात वल्ह्यांचा आवाज, कुजबुज. आता तुम्हीच सांगा, जप मध्येच कसा मोडायचा? डोळे न उघडता मी ओठांवर बोट ठेवले. सगळे चिडीचूप. परक्या देशातही भक्तीचा एवढा मान! मला भरून आले. चार माळा अधिक ओढल्या.

डोळे उघडतो तो आमचे सारे आरमार नदीकडे पाठ करून, श्वास रोखून माझ्यासमोर. मी कडक शब्दांत विचारले, नेमलेली जागा सोडून येणे ही कुठली शिस्त?

मार्गारेटबाईंनी तांब्याकडे बोट दाखवले. "मिस्टर जोशी, चमकवून तुम्हीच बोलावलंत. गप्पही तुम्हीच बसवलंत," त्या कुजबुजल्या. "शत्रू कुठे आहे?"

पुलावरची घंटा वाजली.

परतताना होडीत मी क्षमा मागितली. पुढच्या वर्षी अधिक दक्ष राहीन, असे वचनही दिले.

बाईंनी माझा हात थोपटला. "पुढच्या वर्षी मीही वल्हं मारीन. तुम्ही फक्त शत्रूच्या बाजूने पहारा द्या."