कार्डवाल्यांचा बाक

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. परळच्या एका मिलमध्ये रिंगखात्यात सूत कातायच्या यंत्राच्या दोन बाजू माझ्याकडे होत्या. जमिनीवर तेल सांडलेलं, पाय सरकला आणि उजवा खांदा निखळला. मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे चालू होते. काळाचौकीच्या आमच्या चाळीत कुणाचा हात गळ्यात दिसला की लोक धरून चालायचे, यानं लाठी खाल्ली. मी मोर्चाला जायचोच, पण लाठी काही लागली नव्हती. विचारील त्याला सांगायचो, बाबा, तेलावर पडलो. दुसऱ्याचा मान मला नको.

पहिल्या दिवशी मी डॉक्टर गाठला नाही, तालमीतल्या वस्तादाकडे गेलो. गिरणगावात हाड सरकलं की वस्ताद, असा रिवाजच होता. त्यानं काखेत पाय लावून हात ओढला, खांदा बसवला, तेल चोळून घट्ट बांधला आणि हलवू नकोस म्हणाला. मी दिला शब्द पाळणारा. हलवलाच नाही. दीड महिन्यानं पट्टी सोडली तर हात खांद्याच्या वर जाईना.

आमच्या कामात हात डोक्याच्या वर गेलाच पाहिजे, यंत्राच्या वरच्या बॉबिना बदलायच्या असतात. मुकादम म्हणाला, नसेल जात तर खात्यात झाडूची जागा रिकामी आहे, ती घे. तो भल्यासाठीच म्हणाला असेल. पण माझ्या बापाचा जन्म मुंबईची गटारं काढण्यात गेला होता, आणि आदल्याच वर्षी आम्ही सगळ्या घरानं जुना धर्म सोडून बुद्धाचा धर्म घेतला होता. बापानं मला चौथीपर्यंत शाळेत घातलं ते झाडूसाठी नव्हे. हात वर गेला तर माझ्या बाजू माझ्या, नाही तर झाडू. एवढाच हिशेब.

कामगारांचा विमा तेव्हा नवीन होता. पगारातून कापून घ्यायचे आणि कार्ड द्यायचे. लालबागच्या विम्याच्या डॉक्टरनं लाल औषधाची बाटली दिली आणि सरळ सांगितलं, हे माझ्या हातातलं नाही, हाडांचा डॉक्टर बघ. मुंबईत हाडांचे डॉक्टर काय कमी होते? पण विम्याचे पैसे थोडे आणि उशिरा, म्हणून कार्ड दिसलं की त्यांचा चेहरा पडायचा. दादरला एकाच्या कंपाउंडरनं कार्ड दोन बोटांत धरून परत केलं, मेलेला उंदीर धरावा तसं. दुसऱ्यानं विम्याचं कामच सोडलं होतं. शेवटी कळलं, गिरगावात एक जण कार्ड घेतो.

गेलो. पुढच्या खोलीत वेताच्या खुर्च्या, वर पंखा. कंपाउंडरनं कार्ड वाचलं आणि बोटानं मागची वाट दाखवली. मागं अंधाऱ्या बोळात, मोरीला लागून, एक लाकडी बाक. मी समजलो, यानं नाव वाचलं आणि जात ओळखली. वेगळं बसणं सोडून आम्हाला वर्ष झालं नव्हतं. कार्ड उचललं आणि गिरगाव ते काळाचौकी चालत आलो.

घरी बायको म्हणाली, "अवो, हात डॉक्टरच्या हातात द्यायचाय. बाक काय चावतोय तुम्हाला?"

मी जेवलो नाही. ती जेवली.

पुढच्या आठवड्यात मिलच्या फाटकावर साचेखात्यातला एक मराठा विणकर भेटला. मनगट मोडलेलं, प्लास्टर घातलेलं. त्या खात्यात आमच्या माणसाला घेत नसत, कारण मागावर इकडून तिकडं फिरणाऱ्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमचं उष्टं त्यांना चालत नव्हतं. मी विचारलं, डॉक्टर कुठला? तर तोच. बसतोस कुठं? म्हणाला, "मागं, मोरीपाशी. कार्डवाले सगळे तिथंच."

मी इतका हसलो की खांदा ठणकला. मिलला जमलं नाही ते त्या बाकानं केलं होतं, आम्हा दोघांना एका लाकडावर बसवलं होतं. म्हणजे जातीचं मी चुकीचं धरलं होतं. पण कुणाचा का असेना, मोरीपाशी वेगळा बाक तो वेगळाच.

परत गेलो, स्वच्छ धुतलेला सदरा घालून. पुढच्या खोलीत उभा राहिलो. खुर्चीत बसलो नाही, मागंही गेलो नाही. कंपाउंडर ओरडला तसा डॉक्टर बाहेर आला.

म्हणाला, "काय निखळलंय तुझं, खांदा की जीभ?"

मी म्हटलं, "खांदा. जिभेला कार्ड लागत नाही, डॉक्टरसाहेब. हे कार्ड धर्मादाय नव्हे, माझ्या पगारातनं कापलेलं आहे. मागं बसणार नाही."

त्यानं मला आत घेतलं. खांदा सगळीकडून दाबून बघितला आणि वस्तादाला दोष न देता म्हणाला, बसवलाय बरोबर, बांधून ठेवला जास्त. मग व्यायाम शिकवला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायची. आमच्या गॅलरीत मी कोळशानं खुणा केल्या. शेजारणी म्हणायच्या, याला पाल व्हायचंय. रोज डोळ्यांत पाणी येईपर्यंत चढवायचो, पण खूण खाली जाऊ दिली नाही.

दवाखान्यात दर वेळी मी पुढंच उभा. एकदा तो विणकर येऊन शेजारी उभा राहिला. मग आणखी दोघे. पुढची खोली उभ्या माणसांनी भरली, पैसे देणाऱ्यांना दारातून शिरता येईना. एके दिवशी बघतो तर कंपाउंडर घाम पुसत बाक ओढून पुढं आणतोय. पंख्याखाली ठेवला त्यानं. मी बसलो, मांडी घालून बसलो.

श्रावण संपता संपता डॉक्टर म्हणाला, करा हात वर. त्या दिवशी तो मला अहो-जाहो बोलला, ते मी ऐकून ठेवलं. हात कानाला लागून सरळ वर गेला. थोडा कुरकुरला, पण गेला. त्यानं कामाला लायक म्हणून चिठ्ठी लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीला खात्यात गेलो. मुकादमाला चिठ्ठी दिली, माझ्या जागी उभ्या असलेल्या बदलीवाल्याला म्हटलं, सर रे बाजूला, आणि यंत्र चालू केलं.