जोडतोफेचं डॅमेज

मामांची आणि शत्रूच्या अंतराळयानाची पहिली भेट झाली तेव्हा यान पडद्यावर होतं आणि मामा खुर्चीत. यानाने गोळा झाडला. पुढच्या क्षणी यान पडद्यावरच होतं, पण मामा टेबलाखाली होते, आणि त्यांची आरोळी ऐकून खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर पेशंटसकट रस्त्यावर पोहोचले होते. पेशंटच्या तोंडात कापूस तसाच होता म्हणे.

असल्या माणसाला लढाईचा गेम तपासायला बसवलं कुणी? सख्ख्या भाच्याने. गेम बनवणारी ती छोटी कंपनी त्याचीच. मामांची तीस वर्षं कुकरच्या कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्यात गेली होती. जेवढा दाब लिहिलाय तेवढ्यालाच व्हॉल्व्ह उघडला पाहिजे, एवढं एकच त्यांना कळत होतं, पण ते असं कळत होतं की व्हॉल्व्हसुद्धा त्यांना वचकून असत. कारखाना बंद पडला, तेव्हा मामींनी भाच्याला विचारलं, की हे दिवसभर घरात बसले तर मी कुठे जाऊ?

ऑफिसातली पोरं शस्त्रं तपासायची म्हणजे हेडफोन लावून तासभर लढायची आणि "कसला फोडलाय!" म्हणत चहाला जायची. मामांना हे बघवेना. त्यांनी शत्रूचं एक यान समोर उभं करून घेतलं. त्याने हलायचं नाही, उलट मारायचं नाही. मग आवाज बंद करून प्रत्येक तोफेचे शंभर बार, आणि दर बाराला यानाची ताकद कितीने घटली ते वहीत.

जोडतोफेपाशी त्यांचं डोकं सणकलं. पडद्यावर लिहिलं होतं डॅमेज ऐंशी, आणि ताकद घटत होती चाळीसने. दोन नळ्यांचे दोन गोळे एकाच क्षणी आदळत आणि गेम त्यातला एकच धरत असे. शंभरपैकी शंभर वेळा! वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, कारण आवाज मात्र दोन्ही नळ्यांचा होता.

भाच्याने चूक मान्य केली. पण दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते आणि गेम शुक्रवारी बाजारात जायचा होता. निदान ऐंशी खोडून चाळीस तरी लिहा, असं मामा म्हणाले, तर जाहिरातीत नेमकी तीच तोफ, ऐंशीच्या आकड्यासकट. आता अडलं होतं सहीवर. 'तपासलं, बरोबर आहे' या ओळीखाली मामांची सही झाल्याशिवाय गेम बाहेर पाठवायचा नाही, हा नियम भाच्यानेच मोठ्या कौतुकाने केलेला.

"मामा, गेम आहे हो तो. कुणी मरणार आहे का?"

"अरे, ती जड तोफ बसवायला खेळणारे आपल्या यानाचं चिलखत काढून ठेवणार. चिलखत सोडायला लावतोस आणि बदल्यात देतोस काय? आवाज?"

"पण खेळताना जोरदार वाटतंय ना सगळ्यांना."

"वाटतंय? तीस वर्षांत एक व्हॉल्व्ह मी बरा वाटतोय म्हणून पास केला नाही. आणि खोट्याखाली सही माझी हवी काय तुला, गाढवा?"

मालकाला भर ऑफिसात गाढव म्हटल्यावर सगळ्या पोरांना एकदम काम सुचलं. दुपारी मामींचा फोन आला. एका सहीने काय हात झिजणार आहे, असं त्यांनी विचारलं. झिजला तर झिजला, पण खोट्यावर नाही, असं सांगून मामांनी फोन ठेवला आणि पुन्हा शंभर बार काढले. चाळीसच.

गुरुवारी भाच्याने त्या कागदावरून सहीचा रकाना काढून टाकला. गेम शुक्रवारी बाजारात आला आणि बरा खपला. मामा सध्या मोटारींच्या शर्यतीचा गेम तपासतात.