पिंजऱ्यातला फॉल्ट

कारखान्यातले किस्से मी घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "हसायचं का घाबरायचं, ते आधी सांगत जा." मलाच कळत न्हाई, तिला काय सांगू?

लातूरच्या एमआयडीसीत आमचा सोयाबीन पेंडीचा कारखाना. पोत्यांची थप्पी लावायला एक रोबोट हाय, त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा. फॉल्ट शोधायला आत जावंच लागतं. आत असताना रोबोटचा हात चालू झाला, तर माणूस गेला. आत जाणारे दोघंच, मी आणि निलंग्याचे अण्णा.

*

रोबोट हवेच्या जोरावर पोतं धरतो. रोज पावणेचारला पोतं पडायचं. मी पोतं धरणारे रबरी कप बदलले, पाइप बदलला. अण्णा वही घेऊन तीन दिवस प्रेशरच्या मीटरसमोर बसले. चौथ्या दिवशी मला शेजारच्या शेडमध्ये नेलं. चारच्या सुट्टीआधी सगळे कामगार रोबोटच्याच पाइपातल्या हवेनं अंगावरची पेंड झाडत होते.

"रोबोटला काय धाड भरली न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्यांना घरी जायची घाई हाय."

*

एकदा मी घाईत सहा पार्ट एकदम बदलले. रोबोट चालू झाला, मॅनेजरसाहेब खूश. अण्णांनी जुने पार्ट एकेक करून परत बसवायला घेतले. पाच बसवले तरी चालू. सहावा बसवला, बंद.

"आता कळलं," अण्णा म्हणाले. साहेबांनी कपाळावर हात मारला.

*

हा किस्सा सांगायची लाज वाटते. पिंजऱ्याचं दार उघडलं की रोबोट थांबतो. मला तो चालताना जवळून बघायचा होता, म्हणून दाराचा स्विच तारेनं बांधला आणि आत गेलो. हात फिरला तो हेल्मेट घासून गेला.

अण्णांनी तार सोडली, खिशात घातली. "तुझ्या बायकोला काय सांगायचं, ते लिहून देत जा," एवढंच बोलले.

*

परवाचंच. पिंजऱ्यात जाणाऱ्यानं मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. दुपारी बघतो तर लाइन बंद, स्विचवर अण्णांचं कुलूप आणि अण्णा गायब. फोन उचलेनात. वॉचमन म्हणाला, "अण्णांची गाडी औशाकडं गेली की."

बाहेर चार ट्रक उभे. साहेब तापले. "किल्ली घेऊन गेलाय तो. तोड कुलूप."

मी कटर आणला. कुलपाला लावला.

"साहेब, एकदा आत बघून येतो."

"अरे, गाडी गेलेली बघितलीय वॉचमननं!"

"तरी बघतो."

मोठ्यानं हाका मारत पिंजऱ्यात गेलो. मागच्या कन्व्हेयरखाली वाकून बघितलं तर दोन बूट. अण्णा उताणे पडून केबल तपासत होते, कानात बोळे. गाडी त्यांच्या भावानं नेली होती.

अण्णांनी माझ्या हातातल्या कटरकडं बघितलं, बोळे काढले.

"एवढा मोठा कशाला आणलास?" म्हणाले. "मला दहाचा पाना दे."