सूज उतरली, दुखणं राहिलं

संधिवाताच्या माझ्या मैत्रिणींनो, आज सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर, पाठीवर बोटांनी दाबून पाहिलं. मी कळवळले. त्या म्हणाल्या, "संधिवात आटोक्यात आहे. हा त्याच्या जोडीचा दुसरा आजार, फायब्रोमायल्जिया. यात सूज नसते, रिपोर्टमध्येही काही दिसत नाही, पण अंगभर दुखतं. संधिवात असलेल्या बऱ्याच जणांना होतो."

मला सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालचं औंधजवळचं सासर आठवलं. संधिवाताच्या गोळ्यांनी बोटांची सूज उतरली होती, रक्ताचा रिपोर्टही चांगला आला होता. तरी सगळं अंग ठणकायचं.

हळदीकुंकवाला सासूबाईंनी माझे हात धरून बायकांना दाखवले. "बघा गं, कुठं सूज हाय का? कामाचं नाव काढलं की हिचं दुखतंय."

तेवढ्यात नणंदेनं मागून खांद्यावर जोरात थाप मारली. मी किंचाळले.

"सोंग बी झ्याक करती!" ती म्हणाली. मग एकेक बाई गंमत म्हणून माझ्या पाठीत बोट खुपसून बघू लागली. मीही हसत राहिले. रडले असते तर त्या आणखी हसल्या असत्या.

आज घरी येऊन नवऱ्याला आजाराचं नाव सांगितलं. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "आई तर गेली. आता कुणाला पटवून देणार?"

तुमचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा तुमच्या घरी काय झालं होतं?