बोलायचं ते चालीत

माझ्या सासूबाई अभंग रचायच्या. कळव्यातल्या आमच्या सोसायटीचं महिला भजनी मंडळ त्यांचेच अभंग म्हणायचं. भाजी निवडता निवडता त्या आधी चाल गुणगुणायच्या, मग बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायच्या. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. एखादं अक्षर जास्त झालं तर देवाचं नावसुद्धा बदलायच्या. "पांडुरंग मावत नाही गं, हरी घालते," असं मला अगदी सहज सांगायच्या.

त्या सकाळी डायनिंग टेबलाशी बसून त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं, नवीन ओळ जुळतेय. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ताट. ताट. ताटात ताट." तोंड एका बाजूला ओघळलेलं.

नवऱ्याने आणि मी त्यांना रिक्षात घालून पुलावरून ठाण्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, "सगळं समजतंय त्यांना. शब्द सापडत नाहीयेत. येतील कदाचित, नाही तर नाही." एका अक्षरासाठी दिवसभर अडून बसणारी ही बाई, आता पाण्यालाही ताट म्हणत होती. घरी आणल्यावर त्या आधी चिडायच्या, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागल्या.

एका दुपारी मंडळातल्या बायका आल्या. मंडळ चालवणाऱ्या काकू, शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी सासूबाईंचाच अभंग धरला:

"उंबरठ्यापाशी, उभा माझा हरी, आत आला तरी..."

काकूंचा एक शब्द चुकला होता. पलंगावर थाडकन हात आपटला. आणि सासूबाई गायल्या, स्पष्ट, सुरात:

"आत येना तरी, बोलवेना."

टाळ थांबले. कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी धावत जाऊन त्यांचे खांदे धरले. "आई, बोला ना! पाणी म्हणा. पाणी!"

"ताट," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

संध्याकाळी नवऱ्याचा विश्वास बसेना. मी ओळ सुरू करून मध्येच सोडली, त्यांनी ती पुरी केली. तो बूट न काढताच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मी चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि त्याच चालीत गायल्या, "चहा गोड नाही." मी मनातल्या मनात मोजलं. बरोबर सहा.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. गाणं आणि बोलणं मेंदूत एकाच जागी नसतं म्हणे. चाल सोडू नका, म्हणाले. मग आमच्या घरात सगळं चालीत सुरू झालं. पंखा लावायचा, उशी सरकवायची, सगळं सहा अक्षरांत.

हे कळल्यावर मंडळ पुन्हा आलं. काकू हात जोडून म्हणाल्या, "देवानेच वाचा परत दिली हो. आता त्याच्यावर एक नवीन होऊन जाऊ दे."

सासूबाईंचा अंगठा बराच वेळ पेरांवरून फिरत होता. मग त्या गायल्या:

"देव नको आता, माणसांशी बोलू."

एका बाईने कानाला हात लावला. मलाच चोरट्यासारखं झालं. काकूंचा चेहरा उतरला. जातील आता उठून, असं वाटलं. पण त्यांनी टाळ पिशवीत घातले, स्टूल पलंगाजवळ ओढलं. "बरं. बोला."

"सून कशी आहे गं?" एक अक्षर जास्त झालं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

काकूंची सून भांडून निघून गेलेली. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, विचारलं कोणीच नव्हतं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि उत्तर दिलं, तेही नकळत त्याच चालीत: "माहेरी गेलीये." स्वतःचा सूर ऐकून त्याच दचकल्या.

त्या दिवशी भजन झालं नाही. अंधार पडेपर्यंत दोघी बोलत होत्या, एक गाऊन, एक रडून. सासूबाईंनी नंतर अभंग कधी रचला नाही.