नानकटाईवरचा अंगठा

हेवा करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वर्गातल्या मुलीच्या लांब वेणीचा, शेजाऱ्यांच्या नव्या कूलरचा, एवढंच काय, गोवर आला म्हणून आठ दिवस घरी बसलेल्या मुलाचाही मी हेवा केलेला आहे. पण सगळ्यात मोठा हेवा केला तो आत्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, आणि तोही तिच्या अंगठ्यावरून.

जळगावला आमच्याकडे दिवाळीचा चिवडा, शेव, करंज्या घरी व्हायच्या, पण नानकटाई भाजायला बेकरीत जायची. तूप धरणगावच्या मामाकडचं, मैदा-साखर घरची. बेकरीचे काळे ट्रे सकाळी घरी आणायचे, आईने गोळे वळून त्यावर मांडायचे, दुपारी ते नेऊन द्यायचे आणि संध्याकाळी भाजलेली नानकटाई घेऊन यायची. बेकरी गल्लीच्या तोंडाशीच होती. दिवाळीच्या आठवड्यात तिथे अख्ख्या पेठेचे ट्रे एकावर एक रचलेले असत आणि सगळे गोळे सारखेच दिसत. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली होती. कोणाची चारोळी, कोणाचा पिस्ता, कोणाच्या काट्याने ओढलेल्या रेघा. आमच्या घराची खूण अंगठा. घरात जे सगळ्यात लहान असेल त्याने प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबायचा. आधी तो मान आत्याचा होता, मग माझा झाला.

भट्टीत नानकटाई पसरते, तशी तिच्यावरची खूणही पसरते. डबा आला की मी पहिल्या नानकटाईच्या खळग्यात अंगठा घालून बघायची. तो आत सैल हलायचा. भट्टीत जाऊन माझा अंगठा मोठा होतो, असं मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते माझं एकटीचं होतं.

मी नऊ वर्षांची असताना धुळ्याच्या आत्याच्या घराला रंग चालू होता, म्हणून ती भाऊबीजेची वाट न बघता आठ दिवस आधीच मुलीला घेऊन आली. नानकटाईच्या दिवशी मी हात धुऊन, बाह्या वर करून ट्रेसमोर बसले. आई म्हणाली, "यंदा हिला करू दे. घरात हीच लहान आहे. तू आता मोठी झालीस." इतकं दुष्ट वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आत्याने मुलीला मांडीवर घेतलं. ती एकेक गोळा दाबायची आणि धुळ्याकडच्या अहिराणीत म्हणायची, "हाऊ मना." म्हणजे हा माझा. पुढचा दाबायची, "हाऊ बी मना." मधूनच अंगठा चाटायची आणि सगळ्यांना त्याचं कौतुक. मी चाटला असता तर पाठीत धपाटा बसला असता. मी खांबाला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात तिला तापाने झोपवत होते.

संध्याकाळी वडील आणि मी बेकरीत गेलो. वडील बाहेरच कोणाशी तरी बोलत उभे राहिले. नानकटाई ओळखायला नेहमी मीच आत जायची. भट्टीवाले भाऊ घामाने निथळत होते. त्यांनी दोन ट्रे पुढे सरकवले. "घे व बेटी, अंगठ्यावाल्या तुमच्याच ना?"

लहान लहान खळगे होते. सगळे तिचे.

"नाही," मी म्हणाले. "यंदा आम्ही पिस्ता लावलाय. त्या तिकडच्या आमच्या."

गर्दी होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिस्त्याच्या नानकटाईने आमचा डबा भरला.

घरी डबा उघडला आणि आई कपाळाला हात लावून बसली. "ही आपली नाहीच. तू बघितलं नाहीस?" मी म्हणाले, "त्यांनी दिली ती आणली." वडील तसेच उलट पावली जाऊन भट्टीवाल्या भाऊंना बोलून आले. तोवर आमची नानकटाई दुसरं कोणीतरी घेऊन गेलं होतं. भाऊंनी ऐकून घेतलं, माझं नाव सांगितलं नाही. आत्याची मुलगी डब्यात हात घालून एकेक नानकटाई उलटीपालटी करत रडत होती, "मना अंगठा कोठे गया?" पिस्ता छान लागत होता. मी चार खाल्ल्या.

पाडव्याला कापड दुकानाच्या शेठजींच्या बायको, आमच्या मारवाडी काकू, फराळाचं ताट घेऊन आल्या. ताटात कडेला पाच नानकट्या होत्या आणि पाचांवर अंगठा. काकू हसत म्हणाल्या, "हमारी पिस्तेवाली कोणाकडे गेली काय माहीत. ही अंगठेवाली आली." आईही हसली. आमच्याकडची पिस्त्याची आतून आणून दाखवली. दोघींनी भट्टीवाल्याच्या गोंधळावर एकमेकींना टाळी दिली. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आत्याच्या मुलीने मात्र ताटावर झडप घातली. एक उचलली, खळग्यात अंगठा घातला. अंगठा सैल हलला. तिने काढून पुन्हा घातला. मग दुसरी घेतली. पाचही झाल्यावर तिने मान हलवली. "हाऊ मना नही."

भट्टीत अंगठा मोठा होतो, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. ते घरात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी गप्प बसले.

तिने माझा हात ओढला आणि माझा अंगठा त्या खळग्यात बसवला. तो नेमका बसला. "ताईना शे!" ती टाळ्या वाजवत ओरडली. डोळ्यांत पाणी तसंच होतं. मग तिने पाचही नानकट्या माझ्या ओच्यात टाकल्या. "ले ताई, बठ्ठ्या तुन्या." सगळ्याच्या सगळ्या मला. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. हेवा कसा दिसतो ते मला चांगलं माहीत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर तो कुठेच नव्हता. त्याचाही मला हेवा वाटला.

या दिवाळीला मी धुळ्याला आत्याच्या त्याच मुलीच्या घरी गेले. आता तिच्याकडे ओव्हन आहे, ट्रे ओळखायची भानगड नाही, तरी अंगठा तिने सोडलेला नाही. तो मान आता तिच्या लेकीचा. नानकटाई निवली तशी तिने ताटली माझ्यासमोर ठेवली. लेकीने एक उचलली, अंगठा घालून बघितला आणि तिचं तोंड पडलं. "मम्मी, हा माझा नाहीये." तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि माझा अंगठा धरला.

मी हात मागे घेतला. "तुझाच आहे गं. भट्टीत अंगठा मोठा होतो. दरवर्षी होतो."

माझी आतेबहीण ओट्याशी दुसरा ट्रे पुसत होती. ती थांबली. "काय म्हणालीस ताई?"

"मोठा होतो. तेव्हाही झाला होता."

"म्हणजे काकूंच्या ताटातल्या..."

"तुझ्याच होत्या. पाचही. आणि बेकरीत 'आमच्या नाहीत' म्हणणारी मीच होते."

मला वाटलं, ती हसेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. ती चाळिशीची बाई आहे, शाळेत शिकवते. पण तिचं नाक लाल झालं आणि खालचा ओठ पुढे आला.

"आणि मी तुला बठ्ठ्या दिल्या!" ती म्हणाली. तिने ताटली माझ्यासमोरून उचलली, खुर्चीवर बसली आणि ती आपल्या मांडीवर ठेवली.